उशिरा आलेली बावीस माणसं

१

निफाडचे कोंडाजी वडघुले गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी गेले, आणि डॉ. अच्युत गायधनींच्या वहीत अकरावी फुली पडली.

वहीत फुल्यांचे दोन रकाने होते. डावीकडे अकरा, उजवीकडे तीन.

१९८४चा फेब्रुवारी होता. गंगापूर रस्त्यावरच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात दीड वर्ष एक अभ्यास चालला होता. हार्ट अ‍ॅटॅक आलेला पेशंट छातीत दुखू लागल्यापासून सहा तासांच्या आत पोचला आणि घरच्यांनी होकार दिला, की गठ्ठ्यातलं सर्वांत वरचं बंद पाकीट त्याच्या नावाने उघडायचं. आतल्या चिठ्ठीवर ‘इंजेक्शन’ लिहिलेलं असलं, तर रक्तातली गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज द्यायचं. दुसरी चिठ्ठी निघाली, तर ऑक्सिजन, मॉर्फिन आणि सक्तीची विश्रांती, म्हणजे आजवर सगळ्यांना मिळत आलं तेवढंच. कोणत्या पाकिटात काय आहे हे खुद्द गायधनींनाही माहीत नव्हतं. चिठ्ठ्यांचा क्रम पुण्याच्या एका प्राध्यापकांनी ठरवून, पाकिटं बंद करून पाठवली होती.

साठ पाकिटं उघडून झाली होती. तीस जणांना इंजेक्शन मिळालं, त्यांतले अकरा दगावले. तीस जणांना मिळालं नाही, त्यांतले तीन.

व्हरांड्यात कोंडाजींची बायको चतुराबाई भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टर बाहेर आल्यावर ती उठली नाही. बसल्या जागेवरूनच तिने विचारलं, “डॉक्टरसायेब, त्या सुईनंच गेले का वो ते?”

 दहा दिवसांनी, रविवारी, पुण्याच्या परिषदेत गायधनी निबंध वाचणार होते आणि त्याचं शेवटचं वाक्य त्यांनी आदल्याच दिवशी लिहिलं होतं: हे औषध वापरू नये.

पण वाक्य त्यांना पटत नव्हतं. जी गुठळी माणसाला मारते ती विरघळली, तर जास्त माणसं कशी मरतील?

शुक्रवारी सकाळी झुंबर पगारे नेहमीच्या तपासणीला आले. वय साठ, नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त. आठ महिन्यांपूर्वी त्यांना मोठा अ‍ॅटॅक आला होता. अभ्यासातले ते तेविसाव्या नंबरचे पेशंट, इंजेक्शन मिळून वाचलेल्या एकोणिसांपैकी एक. गायधनींनी त्यांचा कार्डिओग्राम पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “पगारे, छापखान्यात तुम्ही नेमकं काय करायचात?”

“कागद तपासायचो. तीस वर्षं.”

“बंद पाकीट कुणी फोडून पुन्हा चिकटवलं असेल, तर तुम्हाला कळेल?”

पगाऱ्यांनी शर्टाची बटणं लावली. “कळेल. पाकिटं किती आहेत?”

२

पाकिटं शंभर होती. साठ उघडलेली, चाळीस बंद. पगाऱ्यांनी खिडकीजवळचं टेबल मागून घेतलं आणि दुपारपर्यंत एकेक पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. डिंकाची कड, झाकणावरची प्राध्यापकांची सही, कागदाची घडी. सही कुठेही तुटून पुन्हा जुळवलेली नव्हती. वाफेने डिंक सोडवला की कागद किंचित फुगतो. तसा एकही फुगलेला नव्हता. नंबर ओळीने होते, तारखाही.

“पाकिटांना कुणी हात लावलेला नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे औषधच वाईट,” गायधनी हळूच म्हणाले.

“ते मला सांगता येणार नाही. पण अजून तीन माणसांशी बोलू द्या.”

पहिला स्टोअरकीपर भिकन. इंजेक्शनं त्याच्या ताब्यात असायची. औषध फ्रिजबाहेर राहून बिघडलं असेल, तर दोष त्याच्यावर येणार होता, आणि ते त्याला ठाऊक होतं. त्याने न मागताच वही पुढे केली. “तीन येळा लाइट गेली होती साहेब, तिन्ही येळा बर्फाची पेटी आणली. हे बघा, पावती हाय. औषध खराब झालं म्हणतील, म्हणून मी पहिल्यापासून जपून हाय.” पावत्या खऱ्या होत्या. शिवाय औषध बिघडलं असतं, तर ते पाण्यासारखं निरुपयोगी झालं असतं. दोन्ही रकान्यांतल्या फुल्या मग सारख्याच पडायला हव्या होत्या.

दुसरे डॉ. गोरक्ष बोडके, सत्तावीस वर्षांचे, वॉर्डाचे निवासी डॉक्टर. ते चिडलेलेच होते. “पाकीट उघडून उपचार ठरवायचे, ही लॉटरी झाली. मी सरांना तोंडावर सांगितलंय.”

“पेशंट अभ्यासात घ्यायचा की नाही, हे कोण ठरवतं?”

“मी. वय बघतो, कार्डिओग्राम बघतो, दुखणं कधी सुरू झालं ते विचारतो.”

“स्वतः विचारता?”

“प्रत्येकाला,” बोडके म्हणाले आणि खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं.

तिसऱ्या सिस्टर मंगला खरात. पंचेचाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. पाकिटांचा गठ्ठा त्यांच्या ड्यूटीरूममधल्या कपाटात असायचा आणि बोडक्यांनी सांगितलं की वरचं पाकीट त्या उघडायच्या.

“तुम्ही बरे आहात ना आता?” त्यांनीच आधी विचारलं. “जिना चढताना दम लागतो?”

“नाही लागत.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या. बाकी प्रश्नांना त्यांनी हो किंवा नाही एवढीच उत्तरं दिली.

संध्याकाळी पगाऱ्यांनी गायधनींना एक प्रश्न विचारला आणि डॉक्टर गोंधळले. “अभ्यासात घेतलेल्यांचे कागद पाहिले. ज्यांना घेतलं नाही, त्यांचे कुठे आहेत?”

“त्यांचा काय संबंध?”

“छापखान्यात चांगल्या नोटांच्या गठ्ठ्यात कधी काही सापडायचं नाही, डॉक्टर. गडबड असली तर ती रद्द केलेल्या कागदांत असायची. तिकडे कुणी बघत नाही ना.”

३

नाकारलेल्यांचे कागद कपाटाच्या तळाशी सुतळीने बांधून ठेवले होते. एकतीस माणसं. नऊ जण वयामुळे किंवा दुसऱ्या आजारामुळे वगळलेले. उरलेल्या बावीस कागदांवर बोडक्यांच्या अक्षरात एकच शेरा होता: वेळ उलटून गेली.

शनिवारी पगारे ती बावीस पानं घेऊन बसले. प्रत्येक पानाची तारीख पाहायची, त्या तारखेला गठ्ठ्यात सर्वांत वर कोणत्या नंबरचं पाकीट होतं ते शोधायचं आणि त्या पाकिटातून पुढे काय निघालं ते पेन्सिलीने कोपऱ्यात लिहायचं. काम सोपं होतं. पहिल्या कागदावर त्यांनी लिहिलं, इंजेक्शन. दुसऱ्यावर इंजेक्शन. तिसऱ्यावरही.

दहाव्या कागदाला ते थांबले, चष्मा पुसला आणि पुढे लिहीत राहिले.

बावीसच्या बावीस कागदांवर इंजेक्शन आलं.

वरचं पाकीट दुसऱ्या चिठ्ठीचं असताना दीड वर्षात एकही माणूस उशिरा आला नव्हता. पेठहून, सुरगाण्याहून, इगतपुरीच्या घाटातून येणारी माणसं त्या दिवसांत न चुकता वेळेत पोचत होती. आणि उशीर व्हायचा तो फक्त वर इंजेक्शनचं पाकीट असतानाच.

आणखी एक गोष्ट होती. त्या बावीस जणांच्या कागदांवर रक्तदाब बरा, नाडी बरी, ‘पेशंट चालत आला’ असं होतं. गंभीर माणूस त्यांच्यात एकही नव्हता.

वरच्या पाकिटात काय आहे हे कुणाला तरी आधीच कळत होतं. आणि पाकिटांना तर कुणी हात लावला नव्हता.

रविवारी पगाऱ्यांनी घोटीची एसटी धरली. बावीस जणांपैकी भिमाजी नावाचा माणूस तिथल्या भातगिरणीवर हमाल होता. त्याच्या कागदावर ‘दुखणे सुरू: पहाटे चार, दाखल: दुपारी बारा’ असं लिहिलेलं होतं. भिमाजी आता पोती उचलत नव्हता, काट्यावर बसून वजनं लिहीत होता.

“पहाटे चारला?” तो हसला. “पहाटे चारला मी घोरत होतो, साहेब. गिरणीवर साडेनवाला चौथं पोतं उचललं आन् कळ आली. मालकानं लगेच गाडीत घातलं.”

“दवाखान्यात वेळ कुणी विचारली?”

“सिस्टरबाईनं. मग डॉक्टर आले. ते सिस्टरबाईच्या कागदाकडं बघूबघू लिहीत होते. मला कायबी इचारलं नाय.”

परतताना पगारे खिडकीशी बसले होते. बोडके म्हणाले होते, प्रत्येकाला मी स्वतः विचारतो. ते खोटं निघालं. पण ते कामचुकारपणाचं खोटं होतं की दुसरं काही? सिस्टरने साडेनऊ सांगितले असतील आणि बोडक्यांनी चार लिहिले असतील. उलटंही असू शकेल. शेरा तर बोडक्यांच्याच अक्षरात होता, आणि अभ्यास फसावा असं उघडपणे बोलणारे तेच होते.

४

सोमवारी त्यांनी अभ्यासात घेतलेल्यांचे कागद पुन्हा काढले. या वेळी पाकिटं पाहिली नाहीत, वेळा पाहिल्या. कोंडाजी वडघुले: दुखणे सुरू सकाळी नऊ, दाखल दुपारी एक. चतुराबाई तेव्हा व्हरांड्यात काय बोलत होती, ते भिकनने ऐकलं होतं. आदल्या संध्याकाळपासून कोंडाजी छाती धरून बसले होते.

मग तेविसावा कागद आला. झुंबर सखाराम पगारे. दुखणे सुरू: सकाळी साडेआठ. दाखल: अकरा पन्नास.

त्यांना तो दिवस आठवला. अंगणात तोंड धुताना त्यांच्या छातीवर पहिल्यांदा दडपण आलं होतं. त्या वेळी कॉलनीच्या विहारातला दिवा जळत होता आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पहाटेचे पाच वाजले असतील. साडेआठला तर ते धड बोलतही नव्हते.

म्हणजे सहा तास केव्हाच उलटून गेले होते. नियमाप्रमाणे त्यांना इंजेक्शन मिळायला नको होतं.

घरी गेल्यावर ते ओट्याजवळ उभे राहिले. लताबाई भाकरी थापत होत्या.

“लता, मला दवाखान्यात नेलं तेव्हा वेळ कुणी विचारली होती?”

थापणारा हात थांबला नाही. “त्या सिस्टरने.”

“तू काय सांगितलंस?”

“पाच वाजता म्हणून सांगितलं.”

“कागदावर साडेआठ आहे.”

लताबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं आणि मग वळून पाहिलं. “त्या म्हणाल्या, ताई, डॉक्टरांनी विचारलं तर साडेआठ सांगा. पाच सांगितलं तर इंजेक्शन मिळायचं नाही. तुमचे ओठ काळे पडले होते. मी हो म्हटलं.”

“आठ महिने बोलली नाहीस.”

“काय बोलू? तुम्ही खोट्या कागदावर जगलात, असं सांगू?”

पगारे पाटावर बसले. त्यांना उत्तर मिळालं होतं. आता ते गायधनींना कसं सांगायचं, हे मात्र त्यांना सुचत नव्हतं.

५

एकच गोष्ट उरली होती. बंद पाकिटातली चिठ्ठी वाचता कशी येत होती?

मंगळवारी सकाळी ते ड्यूटीरूममध्ये गेले. सिस्टर राउंडला गेल्या होत्या. कपाट, टेबल, स्टूल आणि भिंतीवर छातीचे एक्स-रे पाहायची काचेची पेटी. पगाऱ्यांनी एकसष्टावं पाकीट खिडकीच्या उजेडाला धरलं. काही दिसलं नाही. कागद बऱ्यापैकी जाड होता. मग त्यांनी पेटीचं बटण दाबलं, पाकीट काचेवर सपाट ठेवलं आणि तळव्याने दाबलं.

अक्षरं वाचता येत नव्हती. पण टंकलेखनाच्या काळ्या सावल्या स्पष्ट होत्या. एकसष्टमध्ये एक छोटी ओळ होती. बासष्टमध्ये दोन लांब ओळी. ‘इंजेक्शन’ एका शब्दाचं होतं. ‘इंजेक्शन देऊ नये, नेहमीचे उपचार चालू ठेवावेत’ हे दोन ओळींचं. न वाचताही कळत होतं.

मागे पाऊल वाजलं. दारात सिस्टर मंगला उभ्या होत्या.

“डॉक्टरांना बोलावू का?” त्यांनीच विचारलं.

गायधनी आले, त्यांच्यामागे बोडके. पगाऱ्यांनी आवाज न चढवता क्रमाने सांगितलं. वरचं पाकीट इंजेक्शनचं असलं आणि फारसा गंभीर नसलेला, बेताचा पेशंट आला, की त्याची वेळ मागे ढकलायची. तो नाकारला जायचा आणि पाकीट तसंच राहायचं. गंभीर माणूस आला की ते त्याच्या नावाने उघडायचं. त्याला खरोखरच उशीर झालेला असला, तर वेळ पुढे आणायची. दुसऱ्या चिठ्ठीची पाकिटं बेताच्या पेशंटांवर संपवायची.

“म्हणून फुल्या अशा पडल्या, डॉक्टर. इंजेक्शनच्या रकान्यात मरायला टेकलेली माणसं गोळा झाली. दुसऱ्या रकान्यात बहुतेक चालत आलेली. औषध मारतंय की तारतंय, हे या वहीवरून कुणालाच सांगता येणार नाही.”

बोडक्यांचा चेहरा उतरला होता. “सर, मी वेळ विचारत नव्हतो. सिस्टरच्या कागदावरून उतरवून घ्यायचो. एवढ्या वर्षांच्या सिस्टर आहेत, मला वाटलं...”

गायधनींनी हाताने त्यांना थांबवलं. “सिस्टर, का?”

मंगला खरात पेटीच्या उजेडात उभ्या होत्या. “नववा पेशंट आठवतो, सर? इगतपुरीचा, रेल्वेतला पॉइंट्समन. चौतीस वर्षांचा. बायको पोटुशी होती. त्याच्या पाकिटात दोन ओळी निघाल्या. औषध पंधरा पावलांवर फ्रिजमध्ये होतं. दीड तास तो माझ्याकडे बघत होता. त्याच्यानंतर मी पाकिटं काचेवर ठेवायला लागले.”

“माझा अभ्यास बुडाला, हे कळतंय तुम्हाला?”

“मी अभ्यास बघत नव्हते, सर. समोरचा माणूस बघत होते. जो जास्त आजारी, त्याला औषध. त्यात चुकलं काय?”

 मग पगाऱ्यांनी टेबलावरची बावीस पानं उचलली.

“सिस्टर, तुम्ही वेळ बदलली म्हणून मी आज उभा आहे. मला हे बोलायचा अधिकार नाही. पण ही बावीस माणसं तुम्ही बेताची म्हणून बाजूला ठेवलीत. पुढे त्यांचं काय झालं, ते पाहिलंत का कधी?”

“ती तर चालत आली होती.”

“त्यांतली तीन याच वॉर्डात गेली. दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या दिवशी. ती वेळेत आली होती. इंजेक्शन त्यांच्या वाट्याचं होतं.”

सिस्टरनी हात पुढे केला. पगाऱ्यांनी ती तीन पानं वेगळी काढून दिली. त्यांनी तिन्ही नावं वाचली, एकेका नावावर थांबत. मग त्या स्टुलावर बसल्या, आणि बटण बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

६

गायधनी पुण्याला गेले, पण तो निबंध त्यांनी वाचला नाही. व्यासपीठावर उभं राहून त्यांनी सांगितलं, की आमच्याकडची दीड वर्षाची आकडेवारी चुकीची आहे, ती कुणी वापरू नये, आणि ती कशी चुकली ते असं. दोन-तीन जण हसले. परतताना ते निफाडला उतरले आणि चतुराबाईला भेटले. “सुईने गेले असं म्हणता येत नाही, बाई. सुईने वाचले असते असंही म्हणता येत नाही. मला माहीत नाही,” ते म्हणाले. तिने त्यांना चहा दिला. तेवढं सांगायला माणूस आला, हे तिला पुरेसं वाटलं असावं.

मंगला खरातांनी राजीनामा दिला आणि त्या इगतपुरीला एका लहान दवाखान्यात लागल्या. बोडके राहिले, आता ते प्रत्येक पेशंटच्या उशाशी बसून वेळ स्वतः विचारत. जुलैत अभ्यास पहिल्या नंबरापासून पुन्हा सुरू झाला. पाकिटांत काळ्या कागदाचं अस्तर होतं आणि ती दुसऱ्या इमारतीत ठेवली होती; पेशंट आला की फोन करून विचारायचं. फोनवर दुपारी पगारे बसत. नाकारलेल्यांची वहीही तेच ठेवत.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये इगतपुरीहून जीपने एक रेल्वे कामगार आला. बहिरू नाव, वय एकेचाळीस. रक्तदाब लागत नव्हता. सोबत दवाखान्याची चिठ्ठी होती. बोडक्यांनी ती फोनवर वाचली. “छातीत दुखणे सुरू: सकाळी पाच चाळीस. खाली सही, सिस्टर खरात.”

पगाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

“पंचवीस मिनिटं,” बोडके म्हणाले. “पगारेकाका, फक्त पंचवीस.”

“सरांना विचारा.”

गायधनी फोनवर आले.  “जी वेळ आहे ती लिहा,” ते म्हणाले.

पगाऱ्यांनी नाकारलेल्यांच्या वहीत बहिरूचं नाव लिहिलं. त्याला नेहमीचे उपचार मिळाले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

त्याच दुपारी इगतपुरीहून ट्रंककॉल आला. पगाऱ्यांनी आवाज लगेच ओळखला.

“माझा पेशंट कसा आहे?”

“गेला, सिस्टर. सकाळी.”

तारेवर खरखर होत राहिली. घाटात पाऊस असावा.

“अभ्यासात घेतला होता?”

“नाही. पंचवीस मिनिटं उलटून गेली होती.”

“मला माहीत होतं,” मंगला खरात म्हणाल्या. “त्याच्या बायकोने पाच चाळीस सांगितलं. मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा पाच चाळीसच म्हणाली.”

 तीन मिनिटं संपल्याचं एक्स्चेंजमधल्या बाईने सांगितलं.

“अजून तीन मिनिटं द्या,” सिस्टर तिला म्हणाल्या, आणि मग पगाऱ्यांना, “बहिरूच्या बायकोला अजून कुणी सांगितलं नसेल. इथे माझ्यासमोर बसली आहे. फोन चालू ठेवा, मी सांगते.”

पगारे फोन कानाला धरून बसून राहिले.